पीएसआय, बार की केजी? दाबाच्या एककांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत प्रेशर गेज (दाब दाखवणारं काट्याचं मीटर) तपासून देण्याचं काम करतो, त्यामुळे रोज फोन येतात. टायरवाला, राइस मिलचा बॉयलर अटेंडंट, दवाखान्यात ऑक्सिजन सांभाळणारा, काटोलचा संत्रा बागायतदार, आयटीआयची पोरं. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. गुणाकार मोबाइल करून देतो. आकडा कुठल्या शून्यापासून मोजला आहे हे मात्र मोबाइलला कळत नाही, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात. त्या भागावर मी जरा जास्त लिहिलं आहे.

रोज लागणारे आकडे एका जागी मिळतील का?

हे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. इथे 'केजी' म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि 'पीएसआय' म्हणजे पौंड प्रति चौरस इंच.

१ बार = १०० किलोपास्कल = १४.५० पीएसआय = १.०२ केजी = ७५० मिमी पारा
१ केजी = ०.९८१ बार = ९८.०७ किलोपास्कल = १४.२२ पीएसआय = ७३५.६ मिमी पारा = १० मीटर पाणी
१ पीएसआय = ६.८९५ किलोपास्कल = ०.०६८९ बार = ०.०७०३ केजी = ५१.७ मिमी पारा = २.३१ फूट पाणी
१ मेगापास्कल = १० बार = १०.२ केजी = १४५ पीएसआय
१ मिमी पारा = १३३.३ पास्कल = १३.६ मिमी पाणी
१ हेक्टोपास्कल = १ मिलिबार
१ प्रमाण वातावरण = १.०१३ बार = १.०३३ केजी = १४.७० पीएसआय = ७६० मिमी पारा

केजी हे तर वजनाचं माप. पाइपवर आणि गेजवर ते कसं येतं?

एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक किलोचं वजन ठेवलं की तिथे जेवढा दाब पडतो, तो '१ केजी'. पूर्ण नाव किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर. एवढं लांब नाव कोण घेणार? सहा केजीचा पाइप मागितला की दुकानदार ६ केजी दाब सोसणारा पाइप काढून देतो, सहा किलो वजनाचा नाही. त्याच पाइपवर ०.६ एमपीए (मेगापास्कल) असं छापलेलं दिसलं तर गोंधळू नका, माल तोच आहे. मेगापास्कलला दहाने गुणा, केजी आले.

पीएसआयचे केजी करताना १४.२२ ने भागायचं, हा आकडा आला कुठून?

हा एकदा स्वतः काढून पाहा, मग आयुष्यभर विसरणार नाही. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर एक पौंड. इंच २.५४ सेंटिमीटरचा, म्हणून चौरस इंच ६.४५१६ चौरस सेंटिमीटरचा. पौंड म्हणजे ०.४५३५९ किलो. आता ६.४५१६ ला ०.४५३५९ ने भागा: १४.२२३.

तोंडी करायचं असेल तर पीएसआयला ७ ने गुणून दोन घरं मागे या. ३२ पीएसआय, सात गुणिले बत्तीस २२४, म्हणजे २.२४ केजी. खरं उत्तर २.२५.

बार आणि केजी एकच धरले तर चालतं का?

दोघांत दोन टक्क्यांचा फरक आहे. कंप्रेसरवर ७ बारऐवजी ७ केजी लावलं तर कुणाचं काही बिघडत नाही. ऑक्सिजन सिलिंडरच्या १५० केजीचे १४७ बार होतात, तिथे तीनाचा फरक डोळ्यांना दिसू लागतो. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सेट करताना आणि गेजचं सर्टिफिकेट देताना मात्र दोन टक्के सोडता येत नाहीत. पाटीवर जे एकक कोरलं आहे, त्याच एककाचं गेज घ्या.

आमच्या बॉयलरच्या पाटीवर १०.५४ केजी लिहिलं आहे. असा विचित्र आकडा का?

कारण तो मुळात १५० पीएसआय आहे. १५० ला ०.०७०३ ने गुणलं की १०.५४ येतात. जुनी डिझाइनं पौंड-इंचात होती, नंतर एकक बदललं आणि आकडा तसाच भाषांतरित होऊन राहिला. पाटीवर १७.५ किंवा १७.५८ दिसलं तर मागे २५० पीएसआय आहे असं समजा.

गेज शून्य दाखवतो तेव्हा दाब खरंच शून्य असतो का?

नाही, आणि एवढं नीट कळलं तर पुढची निम्मी पानं वाचायची गरज उरणार नाही.

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. त्या उंचीवर हवेचा स्वतःचा दाब सरासरी ९७७ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे १४.२ पीएसआय, ७३२ मिमी पारा, किंवा ०.९९६ केजी. हा दाब टेबलावर, आपल्या अंगावर, उघड्या पडलेल्या गेजच्या आत आणि बाहेर, सगळीकडे सारखाच असतो. साधं गेज ही बाहेरची हवा शून्य धरून त्याच्या वर किती ते सांगतं. हा गेज दाब. त्यात बाहेरची हवा मिळवली की निरपेक्ष दाब, ज्याचा शून्य म्हणजे पोकळी.

सीताबर्डीजवळचा झिरो माईलचा दगड आठवा. नागपूरहून अंतर मोजायचं तर तिथला शून्य आपला. पण जमिनीची उंची विचारली, तर त्याच दगडाची उंची सुमारे १०२० फूट आहे, कारण उंचीचा शून्य समुद्रावर आहे. दगड एकच, शून्य दोन. दाबाचंही असंच आहे.

टायर, पाण्याची लाइन, कंप्रेसर, बॉयलर, रक्तदाब: हे सगळे गेज दाब. हवामानाचा आकडा, वायूच्या नियमांची गणितं, वाफेचे तक्ते: हे निरपेक्ष. डेटाशीटवर पीएसआयच्या मागे 'जी' असेल तर गेज, 'ए' असेल तर निरपेक्ष. काहीच नसेल तर पैसे देण्याआधी विचारून घ्या.

आपल्या गावाचं एक बरं आहे. इथली हवा जवळजवळ बरोबर १ केजी भरते. गेजच्या केजीत एक मिळवला की निरपेक्ष केजी तयार.

व्हॅक्यूम पंप ७४० मिमीचा घेतला, पण काटा ७२५ च्या पुढे जातच नाही. पंप खराब आहे का?

असाच फोन मला एका पॅकिंग युनिटमधून आला होता. "भाऊ, पंप तर चालून राहिला, मग काटा काऊन चढत नाही?" पुरवठादाराशी भांडण झालं होतं, पैसे अडकले होते. पुरवठादाराकडचं टेस्ट सर्टिफिकेट समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरातलं होतं आणि त्यात ७४० स्वच्छ लिहिलं होतं. युनिटवाल्यांना वाटलं, कागद खोटा आहे.

मी गेज काढून टेबलावर तपासलं, ठीक होतं. मग बॅरोमीटर पाहिला: ७२९ मिमी. मे महिना होता, उन्हाळ्यात हवा आणखी हलकी होते. आता विचार करा, खोलीतल्या हवेचा दाबच ७२९ आहे, तर त्यातून ७४० काढणार कुठून? पंपाने ७२५ काढले, म्हणजे आत जेमतेम ४ मिमी निरपेक्ष दाब उरला. पंप उत्तम होता. सर्टिफिकेटही खरं होतं, कारण तिथे हवा ७६० च्या जवळपास होती आणि ७४० काढल्यावर आत २० उरले होते. म्हणजे आमच्याकडे त्याच पंपाने तिथल्यापेक्षा चांगलं काम केलं होतं.

तेव्हापासून व्हॅक्यूमची ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, 'किती मिमी व्हॅक्यूम' असं लिहू नका, 'आत किती निरपेक्ष दाब हवा' तेवढं लिहा. तो आकडा नागपुरातही तोच आणि मुंबईतही तोच.

पॉवर प्लांटच्या कंडेन्सरचं व्हॅक्यूम ६६० मिमी आहे. निरपेक्ष दाब ७६० वजा ६६० म्हणजे १०० मिमी धरू का?

पुस्तकातल्या उदाहरणात धरा, कोराडी किंवा खापरखेड्याला ट्रेनिंगला गेलात तर धरू नका. इथे ७६० च्या जागी त्या दिवसाचा बॅरोमीटर येतो. ७३२ असेल तर ७३२ वजा ६६०, उरले ७२ मिमी, म्हणजे ९६ मिलिबार. या दाबाला वाफ ४५ अंशांना थंड होऊन पाणी बनते. १०० मिमी धरलेत तर १३३ मिलिबार येतात आणि तक्त्यात साडेएक्कावन्न अंश दिसतात. साडेसहा अंशांचा हा फरक कागदावरच जन्मलेला असतो, पण त्याच्यापायी पोरं तासन् तास हवेची गळती शोधत बसलेली मी पाहिली आहेत.

कोराडीचे ६६० मेगावॉटचे संच 'सुपरक्रिटिकल' आहेत म्हणजे दाब किती?

पाण्याचा क्रांतिक दाब २२.०६ मेगापास्कल, म्हणजे २२०.६ बार, २२५ केजी किंवा ३२०० पीएसआय. त्याच्या वर पाणी आणि वाफ असा भेद राहत नाही, उकळी अशी फुटतच नाही. सुपरक्रिटिकल बॉयलर या दाबाच्या वर चालतो.

गाडीच्या दारावर २२० किलोपास्कल लिहिलं आहे, हवावाला विचारतो "किती भरू?" काय सांगायचं?

बत्तीस सांगा. किलोपास्कलला ६.९ ने भागायचं. २२० चे ३२, २३० चे ३३, २४० चे ३५. बारमध्ये असेल तर १४.५ ने गुणा, २.२ बार म्हणजे ३२.

मे महिन्यात समृद्धीवर जायचं आहे. टायर फुटू नये म्हणून हवा कमी भरू का?

कमी भरू नका. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणून गणित पूर्ण मांडतो.

समजा सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरली. हा गेज दाब. वायूचा नियम निरपेक्ष दाबाला लागतो, म्हणून त्यात नागपूरच्या हवेचे १४.२ मिळवा: ४७.२. तापमानही निरपेक्ष लागतं: २५ अंश म्हणजे २९८ केल्विन. टायरमधली हवा ४५ अंशांवर गेली की ३१८ केल्विन. ४७.२ गुणिले ३१८ भागिले २९८, आले ५०.४. त्यातून १४.२ परत वजा केले की गेजवर ३६.२ दिसेल. म्हणजे वीस अंशांना तीन पीएसआय, साधारण सहा-सात अंशांना एक.

एवढी वाढ होणार हे गृहीत धरूनच कंपनीने दारावरचा आकडा दिलेला असतो, आणि तो थंड टायरचा असतो. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेरीला जास्त वाकतात आणि त्यातून उष्णता वाढत जाते. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन् तास एकाच वेगात गाडी पळत असताना ती उष्णता बाहेर पडायला उसंतच मिळत नाही. म्हणून सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत, दारावरच्या आकड्याइतकी हवा भरा. वाटेत पंपावर गरम टायर ३६ दाखवतो म्हणून हवा सोडू नका. घासलेला टायर असेल तर कुठलाच आकडा त्याला वाचवणार नाही, तो बदला.

नायट्रोजनही याच नियमाने फुगतो. तो कोरडा असतो आणि सावकाश निसटतो, एवढाच त्याचा फायदा.

फोनमधला बॅरोमीटर ९७२ दाखवतो आणि हवामान खात्याच्या बातमीत १००६ हेक्टोपास्कल असतं. कोण चुकतंय?

दोघंही बरोबर. फोन तुमच्या खोलीतल्या हवेचा दाब सांगतो. हवामान खातं तो समुद्रसपाटीवर आणून सांगतं, नाहीतर नागपूर, महाबळेश्वर आणि मुंबईचे आकडे नकाशावर शेजारी ठेवून कमी दाबाचा पट्टा ओळखताच येणार नाही. उन्हाळ्यात साधारण नऊ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल कमी होतो. ३१० ला ९ ने भागा, ३४. नेमका तेवढाच फरक तुम्हाला दिसतो आहे. जुन्या लोकांच्या तोंडी मिलिबार असतं, आकडा तोच राहतो.

विहिरीच्या काठावर मोटर ठेवली, पाणी ३५ फुटांवर आहे, उचलतच नाही. मोठी मोटर घेऊ?

कितीही हॉर्सपॉवरची घ्या, उचलणार नाही. पंप पाणी ओढत नाही. तो पाइपात पोकळी करतो आणि विहिरीवरची हवा पाण्याला वर ढकलते. ही हवा प्रमाण दाबाला १०.३ मीटरपर्यंत ढकलू शकते, नागपुरात दहा मीटरच्याही किंचित खाली, म्हणजे साडेबत्तीस फूट. तेही कागदावर. पाइपातलं घर्षण आणि फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) धरून सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. मोटर विहिरीत खाली उतरवा किंवा सबमर्सिबल टाका. ढकलायला मर्यादा नाही, मर्यादा ओढण्याला आहे.

इटलीतल्या पंपवाल्यांना हीच अडचण होती. तिचा विचार करता करताच टॉरिचेलीने १६४३ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून १०.३ मीटरचा स्तंभ ७६० मिलिमीटरवर आला. 'मिमी पारा' हे एकक तिथून निघालं, आणि 'टॉर' हे त्याचं दुसरं नाव त्याच्यावरून पडलं. रोजच्या कामात दोन्ही एकच समजा. पास्कलने १६४८ मध्ये आपल्या मेव्हण्याकडून तोच पारा डोंगरावर चढवून घेतला, तर स्तंभ खाली आला. आपल्याकडे ७३२ का, याचं उत्तर त्या डोंगरावर मिळालं होतं. एककाला त्याचं नाव मात्र १९७१ मध्ये लागलं.

ठिबकला किती दाब लागतो, आणि फिल्टरवर दोन गेज कशाला?

बहुतेक ठिबक १ केजीच्या आसपास चालतं, म्हणजे १० मीटर पाणी किंवा १४ पीएसआय. दोन गेजमधला फरक महत्त्वाचा. फिल्टर स्वच्छ असताना आधी-नंतरचा फरक किती होता ते लिहून ठेवा, तो वाढत गेला की गाळ साचला. दोन्ही गेज एकाच एककाची घ्या. एक पीएसआयचं, एक केजीचं असं लावलेलं मी बागेत पाहिलं आहे. तिथे वजाबाकी कशी करणार?

बीपी १२०/८० ला दुसऱ्या एककात काय म्हणतात?

१६/१०.७ किलोपास्कल. पण डॉक्टरांना हे सांगू नका, जगभर मिमी पाराच चालतो. १२० मिमी म्हणजे १.६३ मीटर पाणी. सलाईनची बाटली का टांगतात तेही यातूनच कळतं. शिरेतला दाब थोडासाच असतो आणि मीटरभर उंचीवरची बाटली ७३ मिमी देते, म्हणून थेंब आत जातो. बीपी मोजताना हात हृदयाच्या पातळीला ठेवा. दहा सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा सात-आठने वाढतो.

घरगुती गॅसच्या रेग्युलेटरमधून किती दाब येतो?

साधारण ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.०३ केजी किंवा ३० सेंटिमीटर पाणी. तो टायरच्या गेजवर दिसणारच नाही. एवढा लहान दाब पाण्याच्या यू-नळीने मोजतात.

ऑक्सिजन सिलिंडर किती शिल्लक आहे, हे दाबावरून कसं काढायचं?

सिलिंडरच्या आतलं माप लिटरमध्ये घ्या आणि केजीतल्या दाबाने गुणा. मोठा ४६.७ लिटरचा सिलिंडर १५० केजीला भरलेला असेल तर ७००० लिटर. काटा ५० वर आला की २३०० उरले. मिनिटाला ५ लिटर जात असतील तर साडेसात तास. गेज पीएसआयचं असेल तर आधी १४.२ ने भागा. न भागता गुणलंत तर चौदापट ऑक्सिजन कागदावर दिसेल. रुग्णाच्या बाबतीत ही चूक होता कामा नये, म्हणून त्या खोलीत केजीचंच गेज ठेवा आणि भिंतीवर तासांचा तक्ता लावा.

कॅलिब्रेशनच्या सर्टिफिकेटवर 'स्थानिक गुरुत्व' कशाला लिहितात?

आम्ही गेज तपासतो ते डेडवेट टेस्टरवर. पिस्टनवर वजनं ठेवायची, खालचं तेल तेवढ्या दाबाला येतं. पण वजनाचा जोर जागेप्रमाणे बदलतो. केजीच्या व्याख्येत गुरुत्व ९.८०६६५ धरलं आहे, नागपुरात ते ९.७८६ च्या आसपास आहे. म्हणजे १०० केजीची वजनं ठेवली तर प्रत्यक्षात ९९.८ केजी मिळतात. टायरच्या गेजला याने काही होत नाही. पण चांगल्या टेस्ट गेजची मुभाच पाव टक्का असते, तिथे हे ०.२ टक्के सोडले तर चांगलं गेज नापास होऊन परत जाईल.

घरचं गेज बरोबर आहे का, हे घरीच पाहता येईल?

येईल. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून खालच्या नळापर्यंतची उंची दोरी सोडून मोजा. मीटरला दहाने भागा, केजी आले. साडेसात मीटर असेल तर ०.७५ केजी, म्हणजे १०.७ पीएसआय. १ किंवा १.५ केजीपर्यंतचं लहान गेज त्या नळाला बसवा, दहा केजीच्या गेजवर एवढा फरक वाचता येत नाही. घरातले बाकी सगळे नळ बंद हवेत. एक जरी चालू राहिला तर पाणी वाहताना दाब पाइपात खर्च होतो आणि काटा कमी दाखवतो.